दगड लागण्याआधी : जुन्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टविषयी

जुन्या गाडीचे इंजिन खोलले की मालकाची नजर आधी पिस्टनवर जाते, मग सिलिंडरच्या भिंतींवर. धूर तिथून येत असतो, पेट्रोल तिथे जळत असते, आणि ‘बोअर किती झिजलाय?’ हा प्रश्न कुठून तरी ऐकून त्याला ठाऊक असतो. क्रँकशाफ्टच्या वाट्याला एवढे कौतुक येत नाही. तो सगळ्यांत खाली, तेलात माखलेला असतो आणि त्याच्याविषयीचे गॅरेजमधले बोलणे बहुधा एका वाक्यात आटोपते : ‘क्रँक ग्राइंडिंगला टाकू.’ चार दिवसांनी तो चकचकीत होऊन परत येतो, नव्या बेअरिंगांत बसतो आणि चेंबर खालून बंद होते. हे पुस्तक त्या एका वाक्यात काय काय राहून जाते, त्याविषयी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की क्रँकशाफ्टची दुरुस्ती ग्राइंडिंगच्या मशीनवर होते हा समज अर्धाच खरा आहे. मशीनवर होते ती अंमलबजावणी. दुरुस्ती टिकणार की फसणार हे त्याआधी, शाफ्ट धुऊन टेबलावर ठेवल्यापासून त्याला दगड लागेपर्यंतच्या वेळात ठरते. त्या वेळात तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात : नुकसान कशाने झाले, शाफ्टचे माप आणि आकार आज नेमका काय आहे, आणि धातूत कुठे चीर गेली आहे का. ती न मिळवता केलेली घासाई म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन टाकणे होय. जागा स्वच्छ होते खरी, पण काय घडले होते ते कळण्याची सोय उरत नाही.

उदाहरणासाठी येथे मुख्यतः एकच इंजिन घेतले आहे : फियाट ११०० चे, म्हणजेच पुढच्या प्रीमिअर पद्मिनीचे. त्याचे मूळ १९३७ सालच्या तुरीनमध्ये आहे. दान्ते जाकोसा यांच्या हाताखाली तयार झालेल्या ‘नुओव्हा बलिल्ला ११००’ या गाडीत ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे, १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने पन्नाशीच्या दशकात फियाटशी संधान बांधले आणि ही मापे कुर्ल्याच्या कारखान्यात आली. गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, १९६४ ची ‘डिलाइट’, १९७४ पासूनची ‘पद्मिनी’ अशी नावे आणि पत्रे बदलत गेले, पण बोअर, स्ट्रोक आणि शाफ्टला तीन मेन बेअरिंगांचा आधार, हा सांगाडा शतक संपेपर्यंत तसाच राहिला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. हा इतिहास सांगण्याचे कारण हळवेपणा नाही. इतकी वर्षे एकच इंजिन इतक्या हातांतून गेल्यामुळे आज तुमच्या टेबलावर येणारा शाफ्ट एकदाच काय, दोनदा-तीनदाही घासला गेलेला असू शकतो. तो मूळ त्याच गाडीचा आहे की भंगारातल्या टॅक्सीचा, मागच्या वेळी तो कोणी आणि कसा घासला, याची नोंद कुठेही नसते. म्हणजे जी काही साक्ष मिळेल ती खुद्द लोखंडाकडूनच घ्यावी लागते.

ती साक्ष वाचायची तर शाफ्ट इंजिनात नेमका कशावर फिरतो हे आधी समजले पाहिजे. तो बेअरिंगवर टेकून फिरतो असे चित्र मनात असेल, तर पुढचे सगळे गणित चुकते. व्यवस्थित चालणाऱ्या इंजिनात जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, बेअरिंगला जवळजवळ शिवतच नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि सगळा भार तो थर पेलतो. इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी बाहेर यायला लागले. भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर तीही हळूहळू वर ढकलली गेली. बेअरिंगमधला दाब कोणी बाहेरून दिलेला नव्हता, तो फिरणाऱ्या आसानेच तयार केला होता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्यामागचे गणित मांडले : फिरता शाफ्ट तेल आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटीत दामटतो आणि त्या पाचरीत दाब चढतो. आपल्या फियाटच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस सेंटीमीटर भरते. स्फोटाच्या क्षणीचा दाब चौरस सेंटीमीटरला ४० किलो धरला, तर पिस्टनवर साडेचौदाशे किलोंच्या आसपास भार येतो आणि तो रॉडमार्गे क्रँकपिनवर, म्हणजे रॉड जोडलेल्या जर्नलवर, उतरतो. तेलपंपाचा दाब असतो तीन-चार किलो. भार पंप पेलत नाही. पंप फक्त तेल पोचवतो. भार पेलते ती पाचर, आणि पाचर नीट तयार व्हायची तर जर्नल गोल हवी, सरळ हवी, गुळगुळीत हवी आणि फट मापाची हवी. क्रँकची दुरुस्ती म्हणजे या चार गोष्टी परत आणणे. चकाकी त्यांच्याबरोबर येते, पण चकाकी आली म्हणून त्या आल्या असे होत नाही.

आता साक्षीकडे वळू. जर्नलभोवती नखाला लागतील अशा खोल रेघा असतील, तर तेलातून कचरा फिरला आहे. फिल्टर, चेंबरमधला गाळ आणि मागच्या कामात राहून गेलेला कीस यांचा तपास करायला हवा. एखाद्या पिनवर निळसर-जांभळी झाक असेल, तर तिथले पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले आहे, म्हणजे तेल पोचले नव्हते. शाफ्टमधले तेलाचे भोक तुंबले होते, की पंप थकला होता, की शेजारच्या बेअरिंगची फट वाढून तेल तिकडेच गळत होते, हे ठरवल्याशिवाय तीच पिन पुन्हा जळेल. बेअरिंगची एकच कड घासली गेली असेल, तर दोष बहुधा शाफ्टचा नसून वाकलेल्या रॉडचा असतो. मधल्या मेन बेअरिंगची वरची किंवा खालची बाजू इतरांपेक्षा फार झिजली असेल, तर शाफ्ट वाकला आहे, किंवा ब्लॉकमधली तिन्ही बेअरिंगांची ओळ सरळ राहिलेली नाही, अशी शंका घ्यावी. ब्लॉकचा दोष शाफ्ट घासून जात नाही. आणि कोकणपट्टीत अनेक पावसाळे बंद पडून राहिलेल्या गाडीत आणखी एक खूण सापडते : जर्नलच्या एकाच बाजूला गंजाने खाल्लेले बारीक खड्डे. हे नुकसान चालून झालेले नाही, थांबून झालेले आहे. म्हणून शाफ्टइतकेच त्यातून निघालेले जुने बेअरिंगही मोलाचे. ते कुठल्या जागेवरचे, वरचे की खालचे, हे लिहून ठेवायचे आणि काम संपेपर्यंत टाकायचे नाही. गॅरेजमध्ये नेमके तेच आधी कचऱ्यात जाते.

मोजमापाचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण निर्णय तिथेच होतो. एका जर्नलचे एक माप पुरत नाही. दोन्ही कडांच्या जवळ आणि मध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोनदा, अशी मापे घ्यायची. कागदावर ती ओळीने मांडली की आकृती आपोआप उभी राहते : काटकोनातली मापे वेगळी आली तर जर्नल लंबगोल, कडेपासून कडेपर्यंत घटत गेली तर निमुळती, मध्ये फुगली तर पिंपासारखी. क्रँकपिनवर भार एकाच अंगाने जास्त येतो, त्यामुळे ती मेन जर्नलपेक्षा लवकर लंबगोल होते. ढोबळ नियम असा, की फट व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी असावी. जर्नल ५० मिलिमीटरची धरली तर फट ०.०५ मिलिमीटर. तिथे ०.०३ मिलिमीटरचा लंबगोल म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे. अर्ध्याहून अधिक फट त्यानेच गिळली. या पट्टीत तापमानसुद्धा लुडबुड करते. मापांचे प्रमाण तापमान २० अंश आहे. त्यापेक्षा १५ अंश गरम असलेली ५० मिलिमीटरची पोलादी जर्नल सुमारे ०.००९ मिलिमीटरने फुगलेली असते. मायक्रोमीटर आणि शाफ्ट दोन्ही रात्रभर एकाच खोलीत राहिले असतील तर फरक आपसांत मिटतो. पण ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला कोमट शाफ्ट मोजून ‘बरोबर आहे’ म्हणणारा माणूस थंड झालेल्या शाफ्टविषयी काहीच सांगत नसतो. व्यासाशिवाय आणखी एक माप बहुतेक ठिकाणी घेतलेच जात नाही : क्रँकपिनचे मध्यापासूनचे अंतर. स्ट्रोक ७५ चा, म्हणजे हे अंतर साडेसदतीस मिलिमीटर, आणि ते चारही पिनांवर सारखे हवे. मशीनवर शाफ्ट चुकीच्या मध्यावर धरला, तर पिन व्यासाला अचूक पण जागेला चुकलेली निघते आणि चार सिलिंडरांचे कॉम्प्रेशन चार तऱ्हांचे होते.

तिसरा प्रश्न चिरेचा. येथे एक आक्षेप हमखास येतो : ‘चाळीस वर्षे चाललेला शाफ्ट आहे, तुटायचा असता तर केव्हाच तुटला असता.’ युक्तिवाद भुरळ घालणारा आहे, पण थकून तुटणाऱ्या धातूला तो लागू पडत नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या हिशेबाने प्रत्येक पिनवर मिनिटाला १५०० स्फोट होतात. तासाला ९० हजार, शंभर तासांत ९० लाख. प्रशियात ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर एकोणिसाव्या शतकात केलेल्या चाचण्यांपासून हे ठाऊक आहे की एका झटक्यात पोलाद ज्या भाराला सहज तोंड देते, तोच भार लाखो वेळा उलटसुलट आला तर त्याखाली ते मोडते. चीर बारीक सुरू होते, बराच काळ मुक्कामाला असल्यासारखी थांबते आणि शेवटी झपाट्याने धावते. म्हणून चाळीस वर्षांचा पुरावा गेल्या चाळीस वर्षांपुरता असतो. तोही जुन्या आकाराचा, जुन्या कोपऱ्यांचा आणि मधल्या काळात शाफ्ट कधी तापला नसेल तर. तपासणीची जुनी पद्धत आजही कुठल्याही गॅरेजात करता येते. शाफ्ट स्वच्छ करून रॉकेलमध्ये मुरवायचा, पूर्ण कोरडा पुसायचा आणि त्यावर खडूची पूड भुरभुरायची. चिरेत शिरलेले रॉकेल सावकाश बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीत एक ओलसर, करडी रेघ उमटते. तेलाच्या भोकाच्या काठाशी आणि पिन जिथे वेबला, म्हणजे जर्नलना जोडणाऱ्या शाफ्टच्या बाहूला, मिळते त्या कोपऱ्यात डोळे जास्त वेळ ठेवायचे. या पद्धतीत ठसठशीत चीर दिसते, बारीक निसटते. त्यासाठी चुंबकीय कणांची तपासणी हवी : शाफ्ट चुंबकित करायचा, त्यावर लोखंडाचे सूक्ष्म कण सोडायचे, चिरेपाशी चुंबकीय क्षेत्र बाहेर फुटते आणि कण तिथे रांग लावतात. काम झाल्यावर शाफ्टमधले चुंबकत्व काढून टाकायला विसरायचे नाही. नाहीतर तो आयुष्यभर तेलातला कीस आपल्याकडे ओढत बसेल. तपासणी घासाईच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, कारण घाईने किंवा कमी पाण्यावर घासताना दगडही पृष्ठभाग जाळून नव्या चिरा पाडू शकतो.

दुसरा आक्षेप उलट्या टोकाचा आहे : घासल्याने शाफ्ट अशक्त होतो, म्हणून घासूच नये, पॉलिश मारून भागवावे. हिशेब करून पाहू. बेअरिंगचे अंडरसाइज दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांच्या पायऱ्यांनी मिळतात; दहा थाऊ म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. ५० मिलिमीटरची जर्नल पहिल्या पायरीवर दीड टक्का ताकद गमावते आणि चाळीसपर्यंत नेली तरी सुमारे सहा टक्के. ताठपणा चौथ्या घातावर जातो, तो सुमारे आठ टक्के उतरतो. एवढ्याने इंजिन कोसळत नाही. खरा धोका व्यासात नाही, कोपऱ्यात आहे. जर्नल वेबला मिळते तिथे मूळ बनावटीत एक गोलाई ठेवलेली असते. दगडाचा कोपरा नीट न वळवता घासले, की ती गोलाई जाऊन तिथे काटकोन उरतो. पायरी असलेल्या साध्या गोल शाफ्टसाठीच्या प्रचलित सूत्राने पाहिले, तर ५० मिलिमीटरच्या शाफ्टवर अडीच मिलिमीटरची गोलाई एक मिलिमीटरवर आली की कोपऱ्यातला ताण सुमारे पाव पटीने चढतो. व्यास कमी झाल्याने सहा टक्के, कोपरा बिघडल्याने पंचवीस, असा हा मुकाबला आहे; आणि मायक्रोमीटर फक्त पहिला दोष दाखवतो. मे १८४२ मध्ये व्हर्सायजवळ रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटून झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यानंतर वर्षभरात स्कॉटिश इंजिनिअर विल्यम रँकिन यांनी तुटक्या आसांचा अभ्यास मांडून दाखवले, की मोड जर्नलच्या खांद्यापाशी सुरू होते, आणि तिथे तीक्ष्ण कोपऱ्याऐवजी वळण ठेवण्याचा सल्ला दिला. म्हणजे हे ज्ञान मोटारगाडीच्याही आधीचे आहे. तरी ग्राइंडिंगला शाफ्ट टाकताना ‘किती थाऊ’ हे सांगणारे शंभर आणि ‘कोपऱ्याची गोलाई किती ठेवणार’ हे विचारणारा विरळा.

घासाईला एक अट मात्र आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. काही शाफ्टांचा पृष्ठभाग कारखान्यात कठीण केलेला असतो. इंडक्शनने केलेला कठीण थर दोन-तीन मिलिमीटर खोल जातो, तो पुष्कळ घासाई सोसतो. नायट्रायडिंगचा थर मिलिमीटरच्या काही दशांशांचाच; दोन पायऱ्या उतरलो की खाली मऊ पोलाद लागते. म्हणून आपला शाफ्ट कोणत्या जातीचा आहे, घडवलेला की ओतीव, कठीण केलेला की साधा, हे आधी ठरवावे. वेबच्या कडेवर रुंद, तासलेला पट्टा दिसला तर बहुधा घडवलेला, बारीक केसासारखी शिवण दिसली तर ओतीव. चाळीसच्याही खाली गेलेल्या शाफ्टसाठी भर घालण्याचे उपाय आहेत आणि प्रत्येकाची किंमत आहे. वेल्डिंगने चढवलेले पोलाद आत ताण ठेवून जाते आणि शाफ्ट वाकवते. नंतर सावकाश तापवून ताण काढणे आणि सरळ करणे हे कामाचेच भाग धरले पाहिजेत. धातूचा फवारा मारलेला थर पकडीवर बसतो, तो जागा भरतो पण ताकद देत नाही. हार्ड क्रोम चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. मुलामा दिल्यावर लगेच तो शाफ्ट भट्टीत काही तास तापवावा लागतो. माझे मत असे, की गंजाचे खड्डे पडलेल्या एखाद्या मेन जर्नलसाठी भर घालणे समर्थनीय आहे. पण ज्या पिनच्या कोपऱ्यात चीर सापडली, तिच्यावर वेल्डिंग करणे म्हणजे दोष झाकणे. तसा शाफ्ट बाद करावा, आणि तो दुसऱ्याच्या गाडीत जाऊ नये म्हणून त्यावर कायमची खूण करावी.

तिसरा आक्षेप अधिक आदराने ऐकण्यासारखा आहे : ‘आमचे जुने मिस्त्री यातले काही न करता इंजिने उभी करत आणि ती धावत.’ धावत हे खरे, पण ‘काही न करता’ हे खरे नव्हे. पांढऱ्या धातूचे बेअरिंग ओतून, निळी लावून, शाफ्ट फिरवून, डाग कुठे उमटतो ते पाहून स्क्रेपरने कणाकणाने खरवडणारा मिस्त्री मोजतच होता. त्याचा मापदंड आकड्यांचा नव्हता, संपर्काचा होता. मऊ पांढरा धातू त्याला साथही देत असे. कचऱ्याचा कण तो पोटात घेई, थोडी वाकडी जर्नल चालवून घेई. तांबे-शिशाचे कठीण शेल बेअरिंग एवढे सोशिक नसते. ते मापाचे येते आणि जर्नलकडूनही मापाचीच अपेक्षा करते. म्हणजे जुन्या मिस्त्रीचे कसब आपण टाकून दिले आणि त्याची ढिलाई तेवढी ठेवली, अशी आजची स्थिती आहे. ‘जाड तेल घाला, आवाज बसेल’ हा सल्ला याच जातीचा. फटीतून गळणारे तेल फटीच्या घनाप्रमाणे वाढते; फट दुप्पट झाली की गळती आठपट. तेल एखाद्या पटीने जाड केल्याने आठाची भरपाई होत नाही. वाजणारा रॉड काही दिवस गप्प बसतो, आणि मालकाला वाटते की दुरुस्ती झाली.

चौथा आक्षेप खर्चाचा आणि सोयीचा : एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुसरे इंजिन बसवावे, किंवा नवाच शाफ्ट करून घ्यावा. रोजच्या वापराच्या गाडीला हा सल्ला चुकीचा नाही. नवा शाफ्ट घडवणे आपल्याकडे अशक्यही नाही. क्रँकशाफ्ट घडवण्यात जगात नाव असलेली भारत फोर्ज पुण्यातच आहे. पण घडाईचे साचे हजारोंच्या मागणीवर परवडतात, एका गाडीसाठी नव्हे. अखंड पोलादातून एकच शाफ्ट कातून काढता येतो, मात्र त्याचा खर्च काळजीपूर्वक दुरुस्तीच्या कित्येक पट होतो. दुसरे इंजिन बसवण्याला आता कायद्याचाही अडसर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो, पण गाडी मूळ रूपात असावी आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत, ही त्याची अट आहे. १९७४ ची पद्मिनी या वयात आली आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिव्हा’ने, स्वीकारलेली तुरीनची सनदही जतनाला आणि मूळ भाग राखण्याला अग्रक्रम देते. शाफ्ट अंडरसाइज घासणे हा बदल नव्हे. कारखान्यानेच ठरवून दिलेला तो दुरुस्तीचा मार्ग आहे. दहा-वीस-तीस-चाळीसच्या पायऱ्या त्यासाठीच ठेवल्या होत्या. उरलेल्या पायऱ्या हे गाडीचे भांडवल असते. एक पायरी विनाकारण खर्च करणारा मालक पुढच्या मालकाच्या खिशातून पैसे काढत असतो. म्हणून पॉलिशने भागत असेल तिथे पॉलिश, दहाने भागत असेल तिथे दहा. सरसकट ‘वीस मारून टाका’ हे उधळेपणाचे लक्षण आहे.

घासाईनंतरच्या कामांविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून येथे ती नुसती नोंदवतो. तेलाच्या भोकांच्या धारदार कडा मारणे, शाफ्टच्या पोटातल्या वाटांची बुचे काढून आतला वर्षानुवर्षांचा गाळ आणि घासाईचा कीस ब्रशने काढणे, मग नवी बुचे ठोकणे, बेअरिंग बसवल्यावर फट प्रत्यक्ष मोजणे, शाफ्टची मागे-पुढे होणारी चाल तपासणे. यातले गाळ काढण्याचे काम सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त वेळा टाळले जाणारे. दगडाखालून निघालेला कीस जर्नलच्या भोकातून आतच जातो, आणि इंजिन पहिल्यांदा सुरू झाले की तो नव्या बेअरिंगवर पहिला येतो.

हे पुस्तक वाचून कोणी घरच्या घरी क्रँक घासू लागेल अशी अपेक्षा नाही. ते मशीन आणि तो हात वेगळाच. ते लिहिले आहे मालकासाठी आणि इंजिन जोडणाऱ्या फिटरसाठी, म्हणजे ग्राइंडिंगवाल्याच्या दारात उभे राहणाऱ्या दोघांसाठी. मशीनवरचा कारागीर सांगितलेले माप देतो. न सांगितलेली गोलाई, न विचारलेली चीर आणि न शोधलेले कारण ही त्याची जबाबदारी धरता येत नाही. शाफ्टबरोबर त्याच्याकडे एक कागद गेला पाहिजे. त्यावर प्रत्येक जर्नलची आजची मापे, हवे असलेले माप, कोपऱ्याची गोलाई, स्ट्रोकचे अंतर आणि चिरेच्या तपासणीचा निकाल असावा. काम झाल्यावर त्याच कागदावर नवी मापे चढावीत, आणि तो गाडीच्या कागदपत्रांत राहावा. आज जो शाफ्ट आपल्यापुढे मुका पडला आहे, तो मागच्या तीन दुरुस्त्यांत कोणी असा कागद न ठेवल्यामुळे. पुढच्या प्रकरणांतली कोष्टके हा कागद भरता यावा यासाठीच दिली आहेत. ती कोरी राहिली तर बाकीचे पुस्तक वाचूनही इंजिनाच्या पदरात काही पडणार नाही.